सेटिंगमध्ये जाणारा वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेळेचे नियोजन या विषयावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून अधूनमधून लेख येत असतात आणि मी ते आवर्जून वाचतो. पहाटे पाचला उठा, कामांची यादी करा, मोबाइल दूर ठेवा, असा त्यांचा साधारण सूर असतो. त्यात चुकीचे काही नाही. परंतु कोल्हापुरातील ज्या घरांत पाण्याच्या वेळेसाठी कोणी ना कोणी पाचच्या आधीच उठलेले असते, त्या घरांना लवकर उठण्याचा सल्ला देऊन काय साधणार, असा प्रश्न मला पडतो. गेली सव्वीस वर्षे मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रविभागाचा पर्यवेक्षक आहे. फौंड्रीतून आलेले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आमच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांवर घासून, भोके पाडून तयार होते. तिथे वेळ मोजणे हा माझ्या पोटापाण्याचा भाग असल्याने, तोच हिशेब घरी लावून पाहिल्यावर जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे मांडावे असे वाटले. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. कात्री आपल्या हाती आहेच.

आमच्याकडे एका यंत्रावरचा जॉब संपून दुसरा लागतो तेव्हा जॉ, म्हणजे नग पकडणारे जबडे, बदलावे लागतात, कापणारी टूल बदलावी लागतात, ऑफसेट, म्हणजे टूल कुठे आहे हे यंत्राला सांगणारे आकडे, भरावे लागतात, पहिला नग काढून तपासणीकडे न्यावा लागतो आणि तिथून होकार आल्यावरच उत्पादन सुरू होते. या सगळ्याला आम्ही ‘सेटिंग’ म्हणतो. काही वर्षांपूर्वी उत्पादन का घटते आहे, असे मालकांनी विचारले, तेव्हा मी दोन आठवडे एका यंत्रापाशी वही ठेवली. कामगार सावकाश काम करतात, अशी वरच्या मंडळींची समजूत होती. वहीवरून दिसले ते असे की, आठ तासांच्या पाळीत यंत्र प्रत्यक्ष धातू कापत होते जेमतेम पाच तास, आणि उरलेल्या वेळातला मोठा हिस्सा सेटिंगमध्ये, त्यातही निव्वळ शोधाशोधीत जात होता. ॲलन की कोणी नेली, इन्सर्टची, म्हणजे टूलच्या बदलत्या पात्यांची, डबी कुठल्या कपाटात आहे, ड्रॉइंगची सुधारलेली प्रत आली की नाही, व्हर्निअर तपासणीवाल्यांकडेच राहिला का, याची विचारपूस करत चांगला हुशार सेटर अर्धा अर्धा तास शेडभर फिरत असे, आणि लांबून पाहणाऱ्याला तो भारी कामात आहे असेच वाटे.

या दुखण्यावर जपानी कारखान्यांनी फार पूर्वी इलाज शोधला आहे. शिगेओ शिंगो हे अभियंते १९५० साली हिरोशिमातील तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझ्दा कंपनीच्या कारखान्यात पाहणी करत होते. तिथे आठशे टनी प्रेसचा साचा बदलायला घेतला आणि तो बसवण्याचा एक बोल्ट सापडेना. प्रेस बंद ठेवून कामगार तासाभराहून अधिक वेळ बोल्टसाठी धावपळ करत राहिला आणि शेवटी शेजारच्या यंत्राचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून घेऊन आला. शेजारच्या यंत्राला उद्या तोच बोल्ट लागेल तेव्हा काय होणार, हे वेगळे सांगायला नको. शिंगो यांनी यातून सेटिंगच्या कामांचे दोन भाग केले: यंत्र थांबल्यावरच करता येणारी कामे, आणि यंत्र चालू असतानाच उरकून ठेवता येणारी कामे. पुढे १९६९ साली टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसच्या सेटिंगला चार तास लागत, ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आले. त्यासाठी कोणालाही पळायला लावलेले नव्हते. साचा, बोल्ट, अवजारे, सगळे यंत्र थांबण्याआधी यंत्राशेजारी येऊन थांबलेले असे.

मी हे कारखान्यात शिकलो आणि बरीच वर्षे कारखान्यातच ठेवून घरी येत राहिलो.

आमच्या घरी आई, आम्ही दोघे, नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. सौ. एका पतसंस्थेत नोकरीला आहेत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. तो लेकरांच्या झोपेसाठी चांगलाच आहे, पण आमच्यासारख्या घरात त्यामुळे एकाच सकाळी दोन सेटिंग लागू लागली: एक मुलाच्या सव्वासातच्या शाळेचे आणि दुसरे मुलीच्या साडेनऊच्या शाळेचे, आणि या दोहोंच्या मधे मी आणि सौ. असे दोन जॉब. रोज सकाळी आरडाओरडा ठरलेला. तेव्हा मी दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाशेजारी, पंधरा दिवस सकाळच्या वेळा टिपून ठेवल्या. माझ्या या उद्योगाकडे पाहून सौ. म्हणाल्या, “अहो, तुमच्या यंत्राला भूक लागत नाही आणि त्याचं मोज्याचं एक पाऊल हरवत नाही.” मोज्याचा मुद्दा नोंदीतही निघाला. दोन वेळचा स्वयंपाक आणि डबे यांना सलग लावले तर तास-सव्वा तास लागत होता. प्रत्यक्षात सकाळ तीन तास चाले. बाकीचा वेळ मोजा, दुचाकीची किल्ली, मुलाचे ओळखपत्र, डायरीवरची सही, रिक्षावाल्या काकांना द्यायचे सुट्टे पैसे आणि पावसाळ्यात रेनकोट यांच्या शोधात जात होता. म्हणजे आमच्या घरातही हिरोशिमाचा बोल्ट रोज हरवत होता.

मग जी कामे सकाळ सुरू होण्याआधी उरकता येतात ती आम्ही रात्रीवर नेली. जेवण झाल्यावर सर्वांनी मिळून पंधरा मिनिटे: दप्तर भरून दाराशी, डायरीवर सही रात्रीच, गणवेशाच्या घडीत मोजेही घातलेले, पाण्याच्या बाटल्या भरून, सकाळची भाजी निवडून. दाराशेजारी मी एक फळी ठोकली आणि किल्ली, ओळखपत्र, छत्री यांच्यासाठी खिळे मारले. टूलरूममध्ये अवजारांच्या पाटीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही हे लांबूनच कळते. तसाच त्या फळीवर मुलीने खडूने किल्लीचा आणि छत्रीचा आकार काढून ठेवला आहे. या एका फळीने आमच्या सकाळचा जितका वेळ वाचवला तितका कोणत्याही वेळापत्रकाने वाचवला नाही. वेळापत्रकही मी केले होते, रंगीत, पाच-पाच मिनिटांचे, फ्रिजवर चिकटवलेले. ते आठव्या दिवशी भिजले आणि कोणी नवीन मागितले नाही.

सगळे रात्रीवर नेता येत नाही, हेही लगेच कळले. कणीक रात्री मळून ठेवण्याची माझी सूचना आईने शिळ्या कणकेच्या भाकऱ्या-चपात्या या घरात होणार नाहीत, असे सांगून निकालात काढली, आणि तो निकाल मी मान्य केला. त्याच वेळी तिने मला जे ऐकवले ते मात्र विचार करायला लावणारे होते. कोल्हापुरात घरोघरी उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून आणतात: मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसूण, खोबरे, तीळ, धणे भाजून घ्यायचे, दोन दिवस घरभर ठसका आणि शिंका, आणि मग पुढचे वर्षभर रोजच्या कालवणाचा मसाला एका चमच्यात येतो. यंत्र चालू असताना पुढच्या जॉबची तयारी म्हणतात ती हीच. शेवया, सांडगे, पापड यांचेही तेच. आमच्या आज्या-पणज्या हे करत होत्या आणि आम्हांला ते जपानहून परत शिकावे लागले, याची मला थोडी गंमत वाटते.

सेटिंग वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे सारखी कामे एकत्र करणे. आम्ही यंत्रावर एका मापाचे नग सलग घेतो, म्हणजे जॉ पुन्हा पुन्हा बदलावे लागत नाहीत. घरात आम्ही यादीची पद्धत बदलली. पूर्वी यादी कामांची असे. आता ती ठिकाणांची असते. लक्ष्मीपुरीच्या नावाखाली धान्य आणि डाळी, महाद्वार रोडखाली मुलीच्या फितीपासून आईच्या चष्म्याच्या दुरुस्तीपर्यंत सगळे, आणि राजारामपुरीखाली वह्या-पुस्तके. त्या बाजूला ज्याला कामानिमित्त जावे लागेल त्याने तो कागद खिशात टाकायचा. याने आठवड्यातल्या तीन-चार फेऱ्या कमी झाल्या. अर्थात यालाही मर्यादा आहे. कारखान्यात फार मोठी बॅच घेतली की माल पडून राहतो आणि पैसा अडकतो. घरी पंधरा दिवसांची भाजी एकदम आणली की कोथिंबीर सडते. आठवड्यातून दोनदा कपिलतीर्थ मार्केट, हे आमचे प्रमाण अनुभवाने ठरले आहे. आणि रविवारच्या मटणाला लागणारा वेळ वाचवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. तांबडा-पांढरा रस्सा हा घाईचा जॉब नाही.

कार्यालयात आणि कारखान्यात वेळ खाणारी तिसरी गोष्ट म्हणजे मधेच येणारा व्यत्यय. आमच्याकडे ऑफसेट भरत असलेल्या एका तरुण सेटरला कोणीतरी मागून हाक मारून डिस्पॅचचा आकडा विचारला. त्याने मान वळवून उत्तर दिले, पुन्हा पडद्याकडे वळून आकडा भरला आणि उणे चिन्ह राहून गेले. टूल सरळ चकवर, म्हणजे नग धरून फिरणाऱ्या भागावर, जाऊन आदळले. प्रश्नोत्तराला दहा सेकंद लागले असतील. यंत्र दुरुस्त होऊन, पुन्हा तपासून चालू व्हायला चार दिवस गेले. प्रश्न विचारणारा मीच होतो. तेव्हापासून सेटिंग चालू असताना यंत्रावर लाल टोपी ठेवण्याची पद्धत आम्ही सुरू केली. टोपी दिसली की मालकांनीसुद्धा बोलायचे नाही. माझ्या स्वतःच्या टेबलावर मी फोन सकाळी दहा, दुपारी जेवणानंतर आणि चार वाजता, अशा तीन वेळा पाहतो, आणि ज्याला तातडीचे काम असेल त्याने संदेश न पाठवता फोनच करावा, असे सर्वांना सांगून ठेवले आहे. पहिल्या महिन्यात लोक रुसले. नंतर असे दिसले की, मी लगेच उत्तर देत नाही म्हटल्यावर निम्म्या प्रश्नांची उत्तरे माणसे आपापली शोधू लागली. सौ. पतसंस्थेत संध्याकाळी रोकड जुळवताना अशीच टोपी ठेवू पाहतात, पण खिडकीपलीकडचे खातेदार टोपी मानत नाहीत. खिडकीवर बसणाऱ्याला ही मुभा नसते, हे मी कबूल करतो. तिथे रोकड जुळवताना दुसऱ्याने खिडकी सांभाळणे एवढाच उपाय दिसतो.

मुदतीच्या कामांबाबत मात्र मला कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठची माणसे ४३ ची वाट पाहत नाहीत. ३९ ऐकले की जनावरे सोडतात, धान्य माळ्यावर चढवतात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पोहोचवतात. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि आमचा कारखाना बंद राहिला, तेव्हा ज्या विभागांनी इशाऱ्याच्या वेळीच गेज, प्रोग्रॅम आणि कागदपत्रे वर हलवली होती तेच आधी सुरू झाले. पण हीच माणसे वीजबिल, विम्याचा हप्ता, प्रवेशाचा अर्ज यांना एकच तारीख लावतात, ती म्हणजे शेवटची. मी आता प्रत्येक मुदतीला दोन तारखा लिहितो. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधीची तारीख ही इशारा पातळी. त्या दिवशी काम झालेले नसेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून ते हातात घ्यायचे. पुन्हा, एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज मी स्वतःच्या मनाला विचारत नाही. मन नेहमी कमी सांगते. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे दाखवून दिले की, आधीच्या तशाच कामांना किती वेळ लागला होता याकडे दुर्लक्ष करून माणूस आपल्या कामाचा अंदाज बांधतो. म्हणून मी मागच्या वेळची नोंद पाहतो. मंगळवार पेठेतून शिरोलीला मनाच्या हिशेबाने मी वीस मिनिटांत पोहोचतो. वहीच्या हिशेबाने कावळा नाक्याच्या गर्दीसह पस्तीस लागतात आणि पावसात पन्नास.

इथवर लिहिलेले सगळे माझ्या कर्तबगारीचे वाटेल, म्हणून पुढचे लिहिणे मला भाग आहे. पंधरा दिवसांच्या त्या नोंदींमध्ये कोण काय करत होते हेही आले होते. सौ. उठत सव्वापाचला आणि रात्री शेवटी दिवा बंद करत त्याच. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली, तीत घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि तीच कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे निघाले. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ वर आला आणि पुरुषांचा ८८ वर. बाईची दहा मिनिटे वाचली, आणि त्याच पाच वर्षांत बाप्याचीही नऊ मिनिटे वाचली! शिवाय ही सरासरी जे पुरुष हात लावतात त्यांचीच आहे. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात सव्वीसच होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिली. स्वयंपाकघराला असा कायदा कोणी लावलेला मी ऐकलेला नाही.

मी ‘मदत’ करत होतो, असे मला वाटत होते. पण मदत करणारा विचारतो, “काय आणू?”, आणि काय आणायचे हे लक्षात ठेवण्याचे काम दुसऱ्याच्याच डोक्यात राहते. कारखान्यात ज्याच्याकडे पाळीची जबाबदारी असते त्याला किती नग, कोणते मटेरियल, कोण रजेवर, हे सगळे धरून चालावे लागते, आणि त्यासाठी त्याला वेगळा पगार मिळतो. आमच्या घरी पाळ्या तीन आणि जबाबदार व्यक्ती एक. म्हणून आम्ही कामे तुकड्यांनी न वाटता अख्खी वाटली. आईची औषधे पूर्णपणे माझ्याकडे: गोळ्या संपत आल्यात हे पाहणे, तपासणीची तारीख, चिठ्ठी, सगळे. गॅस, वीज, पाण्याची टाकी आणि मुलाच्या शाळेचा व्हॉट्सॲप गट हेही माझ्याकडे. मुलाकडे रात्रीची भांडी विसळणे आणि सकाळी दूध. सुरुवातीला माझ्या हातून दोनदा गोळ्या संपल्या आणि सौ. यांनी, जिभेवर आलेले गिळून, मला त्याची आठवण करून दिली नाही. तिसऱ्यांदा संपल्या नाहीत. त्यांचा वाचलेला वेळ त्यांनी कशाला लावला, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. संध्याकाळी त्या रंकाळ्यावर फिरायला जातात, एवढे दिसते.

शेवटी एक मुद्दा असा आहे की जो घरात कितीही फळ्या ठोकून सुटणारा नाही. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कार्यालयांची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा ठरवली. कारखान्यात किंवा दुकानात पाळी करणाऱ्याला कार्यालयातील कामासाठी रजाच टाकावी लागते. गेल्या वर्षी एका दाखल्यासाठी मी एका कार्यालयात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा एक कागद कमी निघाला, दुसऱ्यांदा त्या कागदाची दुसरी प्रत, आणि तिसऱ्यांदा फोटोवर सही हवी होती. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका पाटीवर लिहिलेल्या असत्या तर माझ्या दोन रजा वाचल्या असत्या आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचाही वेळ वाचला असता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे, अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे आणि मुदतीत सेवा न मिळाल्यास अपिलाची सोयही आहे. पण ही मुदत मोजायला लागते ती परिपूर्ण अर्ज हाती पडल्यावर, आणि सामान्य माणूस अडतो तो नेमका अर्ज परिपूर्ण करताना.

म्हणून आपणांस विनंती अशी की, दहावी-बारावीचे निकाल लागून उत्पन्नाच्या, जातीच्या, रहिवासाच्या दाखल्यांसाठी रांगा लागण्याच्या आधी, म्हणजे एप्रिलमध्येच, कोणत्या दाखल्याला कोणते कागद लागतात, किती प्रती, कशावर सही, आणि त्या सेवेची ठरलेली मुदत किती दिवसांची, याचा तक्ता आपल्या दैनिकात एक पानभर छापावा. संबंधित कार्यालयांकडून तो तपासून घेतलेला असावा. ते पान आमच्या दाराशेजारच्या फळीवर लावण्यासाठी मी एक खिळा मोकळा ठेवला आहे.

आपला नम्र,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर